घरटी एक माणूस

२४ नोव्हेंबर १९९७, पेण

संगी कॉलेजातून आली ती चप्पल न काढताच बोलायला लागली. "आई, मी अमेरिका झाले!" मी भाकरी थापत होते. म्हटलं, हो, आधी पाय धू.

मग नीट कळलं. पुढच्या महिन्यात जपानात जगातले देश बसणार आहेत, पृथ्वी तापतेय त्याचं काय करायचं ते ठरवायला. तसंच लुटुपुटूचं ह्यांच्या कॉलेजात. भूगोलाच्या मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या, एकेकाला एकेक देश. संगीला अमेरिका. तिची मैत्रीण रुबिना, तिला कुठलंसं बेट, समुद्रात बुडत चाललेलं. कॉलेजचा गट इथून रोह्याला स्पर्धेला जाणार, तिथे जिंकला तर दिल्ली. दिल्ली हा शब्द जेवण होईपर्यंत दहादा ऐकला.

पोर खूश आहे आणि मला राग येतोय. कोणी बुडायचं ते चिठ्ठी टाकून ठरवायचं, यात हसण्यासारखं काय आहे?

२६ नोव्हेंबर

वाचनालयात जुन्या पेपरांचे गठ्ठे बांधले. संगीसाठी कात्रणं काढली. ग्रंथपाल म्हणाले, "सुभद्राबाई, आता हवामानशास्त्र वाटतं?" म्हटलं, तिसरी नापास बाईला कुठलंही शास्त्र चालतं.

झाडू मारता मारता इथलं अर्धं कपाट वाचलं मी. पण ही कात्रणं वाचून डोकं फिरलं. "येत्या शंभर वर्षांत समुद्राची पातळी वाढण्याची शक्यता." शक्यता! लिहिणारा माणूस खाडीच्या बांधावर कधी उभा राहिलेला नसणार.

१ डिसेंबर

बाजारात गावची हिरूबाय भेटली, मासळीची पाटी घेऊन बसलेली. मला बघून उठलीच. "सुभद्रा गो, बांध फुटला. परवा रात्री, आवसेच्या उधाणाला."

"कुठं?"

ती खाली बसली. बोंबील इकडचे तिकडे करत राहिली. म्हणजे मागच्या वेळी फुटला त्याच अंगाला. उघाडीच्या, पाणी सोडायच्या दाराच्या, डाव्या हाताला.

मासळी न घेता घरी आले. संगीला सांगितलं. ती म्हणाली, "रविवारी जाऊ ना आई. या आठवड्यात रोज सराव आहे."

२ डिसेंबर

एकटीच गावी जाऊन आले.

बांधाला खांड बैलगाडी आडवी जाईल एवढी पडली आहे. पाणी आतबाहेर करतंय, त्याचंच घर असल्यासारखं. खांडीपासून आमचं दीड एकर तिसरं. पहिल्या दोन शेतांत गुडघाभर. आमच्यात अजून कडेकडेने घोटाभर. पुनवेचं उधाण आलं की सगळं जाईल. खारं पाणी एकदा मुरलं की तीन पावसाळे भात नाही. ह्यांच्यामागे एवढंच तर राहिलं.

पुरुष बांधावर उभे होते, हात मागे बांधून. सरपंच म्हणाले, "अर्ज दिलाय. बांध आता सरकारचा हाय. यंत्र येल."

मी म्हटलं, "मग आत आलंय ते पाणीबी सरकारचंच का?"

बाया हसल्या. पुरुष नाही हसले.

सासऱ्यांच्या वेळी जोळ होती. बांध गावाचा, गाव बांधाचं. खांड गेली की देवळातली थाळी बडवायची, की घरटी एक माणूस फावडं-घमेलं घेऊन बांधावर. कोणी विचारत नसे, कोणी नाही म्हणत नसे. ज्याचं शेत पार वरच्या अंगाला, त्याच्या घरचाही माणूस चिखलात. मग बांध सरकारने घेतला. तेव्हापासून थाळी वाजली की लोक एकमेकांच्या दाराकडे बघतात.

हात मागे बांधून!

५ डिसेंबर

संगी खोलीत फेऱ्या मारत भाषण पाठ करतेय. मी पुस्तकांना कव्हरं घालायला घरी आणली होती, कान तिकडे. "आमचा देश आपल्या दुःखात सहभागी आहे. परंतु आधी इतर देशांनी उतरावं. ते उतरले की आम्ही बघू."

हातातली कात्री खाली ठेवली. "हे कोणी लिहून दिलं?"

"कोणी नाही. मॅडम म्हणाल्या, अमेरिका कशी बोलेल त्याचा विचार करा. मला काका आठवला. तो बोलतो तसंच लिहिलं." आणि हसली. "मॅडमना फार आवडलं."

मी हसले नाही. 

नामदेव भावजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. तेव्हाही धाटावला कंपनीत होते, आता रोह्यालाच खोली करून राहतात. हे गेले त्या आषाढात आवसेला भर दुपारी खांड गेली. थाळी वाजली. बहात्तर घरं, आले अकरा जण. अकरा जणांनी काय होतं? पुढचा माणूस पाण्यात, त्याच्या मागे हात धरायला कोणी नाही. हे सगळ्यात पुढे होते. दुसऱ्या दिवशी खाडीतल्या तिवरांत सापडले.

भावजी तेव्हा गावातच, घरात होते. डबल शिफ्ट करून झोपले होते. थाळी ऐकूच आली नाही म्हणाले. मी मानलं. झोपलेल्या माणसाला काय बोलणार?

संगी तेव्हा अकरा वर्षांची. आता आठ वर्षांनी काकाची नक्कल करून टाळ्या घेतेय. तिचं काय चुकलं म्हणा. तिला थाळी आठवते की नाही, मी कधी विचारलं नाही.

७ डिसेंबर

रविवार. संगी नाही आली गावी. मॅडमच्या घरी सराव.

मी गेले. काल-आज भांगाचे दिवस, भरतीला जोर नाही, दुपारी पाणी उतरलेलं. बांधायचं तर असंच पाणी हवं. दिवस फुकट गेला. एकाने विचारलं, "वैनी, एकटी काय बघतेस?" म्हटलं, यंत्र येतंय का ते बघते.

९ डिसेंबर

मॅडम वाचनालयात आल्या होत्या. चांगल्या घरच्या, गोड बोलतात. स्टूल पुढे केलं तर बसल्या नाहीत. म्हणाल्या, "संगीताच्या वडिलांबद्दल मला आत्ताच कळलं. फार वाईट वाटलं." मग जरा थांबून, "मी विचार करत होते, तिला अमेरिकेऐवजी बेट दिलं तर? रुबिनाशी बदलता येईल. संगीता वडिलांचं सांगेल ना, तर परीक्षकांवर फार परिणाम होईल."

मी विचारलं, "किती मार्क मिळतील?"

त्यांना कळलं नाही. म्हणाल्या, तसं नाही हो, पण भावना पोचायला हवी.

मी म्हटलं, "बाई, ते मेले तेव्हा तहसीलला सांगून झालं, कचेरीत सांगून झालं. जिथे पोचायला हवं होतं तिथे पोचलं नाही. आता मुलांच्या नाटकात पोचवू नका. ती अमेरिका आहे, अमेरिकाच राहू दे."

त्या गेल्यावर कव्हरं घालायला बसले. दोन पुस्तकांची कव्हरं वाकडी बसली. फाडून पुन्हा घातली.

संगीला सांगितलं नाही.

१२ डिसेंबर

जपानातली परिषद उरकली. पेपरात पहिल्या पानावर. पहाटेपर्यंत भांडले, मग काहीतरी ठरलं. कोणी किती धूर कमी करायचा त्याचे आकडे. पण ते लागू कधी होणार, ते पुन्हा बसून ठरवणार. तोवर आवस-पुनव कोण थांबवून ठेवणार?

संध्याकाळच्या एस.टी.ने रोह्याला आलो, मी आणि संगी. उतरलो भावजींकडे. जाऊबाईंनी वालाचं बिरडं केलं होतं. मी बांधाचं काढलं.

भावजी म्हणाले, "वैनी, तो अर्ज गेलाय ना? मग आपण कशाला मधे पडायचं?"

"पुनवेला शेत जाईल."

"माझं पण आहे त्यात. माझं नाही जाणार?"

"तुम्हाला पगार आहे."

जाऊबाईंनी भात वाढायला घेतला. संगी ताटात बघत होती.

१३ डिसेंबर, रोहा

सगळं नीट लिहून ठेवते.

मोठा हॉल. टेबलांवर पुठ्ठ्याच्या पाट्या, एकेका देशाचं नाव. पोरांनी इस्त्रीचे कपडे घातलेले. संगीने माझी आकाशी साडी. अध्यक्षांच्या खुर्चीत मुंबईहून आलेले एक साहेब, तेच परीक्षक. नियम त्यांनी आधीच सांगितला: बेट आपली मागणी मांडेल, मग मी एकेका देशाचं नाव पुकारीन. हो किंवा नाही, आणि काय देणार ते मोजक्या शब्दांत. "बघू" चालणार नाही. गप्प बसलात तर "नाही" लिहिलं जाईल. फळ्यावर दोन रकाने आखले होते.

मी मागच्या रांगेत. शेजारी भावजी, सुट्टी काढून आलेले. पुतणी जिंकणार म्हणून खिशात पेढ्यांचा पुडा.

रुबिना उठली. लिहिलेला कागद होता तरी तिने तो बघितला नाही. "माझ्या बेटावर डोंगर नाही. पाणी आलं तर वर चढायला जागा नाही. आत्ता येतंय. तुम्ही काय देणार?" एवढंच. ती पोरगी खाडीपलीकडच्या गावची. तिला कोणी शिकवायला नको.

साहेबांनी पुकारलं, "अमेरिका."

संगी उभी राहिली. हातात भाषण. रुबिनाकडे बघत राहिली. मला वाटलं विसरली. मग म्हणाली,

"घरटी एक माणूस."

हॉलमध्ये कोणाला काही कळेना. साहेबांनी विचारलं, "काय?"

संगीचा चेहरा पांढरा पडला होता. पण पलीकडे जपान झालेला पोरगा, आमच्या शेजारच्या गावचा, पुकारायच्या आधीच उठला. "जपान. घरटी एक." मग अरबस्तान उठला. "घरटी एक, नि पेंढा आमचा." खारपट्टीतली, खाडीकाठची पोरं सगळी! देश राहिले बाजूला. मागून कोणीतरी शिट्टी मारली.

साहेबांनी घंटा वाजवली. वाजवतच राहिले. "हा काय पोरखेळ आहे? देश माणसं देत नसतात. अमेरिका असं कधीच बोलणार नाही. भूमिका सोडली, गट बाद." आणि मग हसून, पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांकडे बघून, "जग म्हणजे खेडं नव्हे." पुढची रांग हसली.

मी अर्धी उठले होते. तोंडात होतं, साहेब, पाण्याला विचारा खेडं कोणतं नि जग कोणतं. पण बसले. का बसले? साडीचा पदर सावरून खाली बसले, बावळटासारखी. त्या साहेबापेक्षा जास्त राग स्वतःचा येतोय.

भावजी शेजारी नव्हते. संगी "घरटी एक" म्हणाली तेव्हाच उठून बाहेर गेले होते, तंबाखू मळायला. पेढ्यांचा पुडा खुर्चीवर.

१४ डिसेंबर, पेण

एस.टी.त संगी बोलली ते असं.

"तुझ्यामुळे दिल्ली गेली."

"मी सांगितलं होतं का तसं म्हण म्हणून?"

"लहानपणापासून दुसरं काय सांगितलंस? बांध, थाळी, घरटी एक. मला दुसरं काही सुचूच शकत नाही. रुबिनाने विचारलं आणि ते तोंडातून आलं. नाही म्हणताच आलं नाही मला! सगळ्या गटाचं वाटोळं झालं."

नागोठण्यापासून पेणपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. मीपण.

आज पुनव.

१५ डिसेंबर

हिरूबायने निरोप पाठवला. खांड दुपटीने वाढली. आमच्या शेतात पाणी पोटरीपर्यंत, सकाळी उतरलं, पण पांढरं दिसायला लागलंय.

अजून एकदाच पूर्ण भिजलंय, मुरलं नाही. आत्ता बंद केलं तर पुढच्या पावसात धुऊन निघेल. आवसेला पुन्हा भिजलं की संपलं. मधे भांगाची एकच अष्टमी आहे. रविवारी.

१६ डिसेंबर

रुबिना आली. संगी तोंड पाडून बसलेली. ही दारातूनच, "अमेरिका, ऊठ. माझ्या बाबाला फोनवर सांगितलं, अमेरिका घरटी एक माणूस देणार हाय. तर बोलले, कुवेतच्या नोकरीतून मला सोडव नि त्या माणसांत लाव."

संगी हसली. तीन दिवसांनी. मी चहा टाकला.

मग रुबिना म्हणाली, "चाची, तुमच्या गावात सभा कधी?" म्हटलं, उद्या, पण सभेत बायकांना कोण विचारतंय.  संध्याकाळी बघितलं तर संगी वहीत गावातली घरं लिहून काढत होती. वरच्या आळीपासून, एकाखाली एक. तीन घरं विसरली होती, ती मी सांगितली.

१७ डिसेंबर, गाव

देवळात सभा. दिवेलागणीला सुरू झाली. अर्धा तास अर्जाचं चाललं. भावजीही आले होते. मी उभी राहून म्हटलं, रविवारी अष्टमी आहे, दुपारी पाणी उतरेल, जोळ लावा. सगळे माना हलवायला लागले. "व्हय, लावाय पायजे." "बघू." "येतील ना मानसं." नेहमीचंच. उठायलाही लागले.

संगी पायरीवर उभी राहिली, वही उघडून. "थांबा. मी एकेक घर पुकारते. हो किंवा नाही बोला. बघू चालणार नाही. गप्प बसलात तर नाही लिहीन."

सरपंच म्हणाले, "ही कुठली पद्धत काढली, पोरी?"

"जगात असंच करतात."

असं गावात कधी झालेलं नाही. जोळीत गप्प बसणं म्हणजे हो असायचं. आता किती वर्षं गप्प बसणं म्हणजे नाही झालंय, पण तोंडाने कोणी कोणाला "नाही" म्हणालेलं नाही. ते त्या पोरीने एकेकाच्या तोंडासमोर धरलं. पहिली दोन-चार घरं नुसती खाकरली. लिहिलं, नाही. मग एक म्हातारा उठला, "अरे लिव माझं हो, माझा पोरगा येल, नाय आला तर मी येतो." पुढे हो यायला लागले. काही चिडून, काही हळू.

आमच्या घराचं नाव आलं. सरपंच म्हणाले, "त्या घरात माणूस कुठाय गो?"

मी म्हटलं, "मग मी कोण, म्हैस?"

बाया इतक्या हसल्या की पुढची दोन घरं ऐकूच आली नाहीत. संगीने लिहिलं, हो.

मग, "नामदेव काका."

"बघतो."

"बघतो असा रकाना नाही, काका."

"कोणाशी बोलतेस कळतंय का?"

"कळतंय. हो की नाही?"

भावजी गप्प.  संगीने लिहिलं, नाही. आणि पुढचं घर पुकारलं.

चौतीस हो.

१८ डिसेंबर, पेण

भावजी वाचनालयात आले. सकाळची शिफ्ट करून, कंपनीच्या कपड्यांत. मी कपाट पुसत होते. वाचणारी माणसं होती, म्हणून हळू बोलले.

"वैनी, त्या दिवशी थाळी ऐकू आली होती."

मी पुसत राहिले.

"जागा होतो मी. वाटलं, जातील बाकीचे. इतकी घरं हायत."

मी विचारलं, "हे मला का सांगता?"

"पोरीने माझ्या नावापुढे 'नाही' लिहिलं ना काल. तेव्हापासून..."  गेले.

आठ वर्षं मी या माणसाला राखी पुनवेला नारळीभात वाढला. झोपला होता म्हणून. आता काय करू? ऐकू आली होती! कूस बदलली असेल, चादर ओढली असेल. हे तेव्हा छातीभर पाण्यात, मागे हात शोधत.

न सांगता तसाच मेला असता तर बरं झालं असतं. हे लिहिलंय ते खोडणार नाही.

२० डिसेंबर

संगीला सांगितलं. तिने हातातली वही मिटून ठेवली. मग म्हणाली, "मी त्याच्यासारखं भाषण लिहिलं होतं."

"हो."

"चांगलं लिहिलं होतं ग मी." आणि रडली.

२१ डिसेंबर, रविवार. बांधावर.

चहा उकळेपर्यंत लिहिते. हात चिखलाने भरलेत, पान घाण होतंय.

चौतिसांतले एकोणतीस आले. "नाही"वाले चार जण आले, ते कोणाशी बोलत नाहीत, नुसते चिखल उपसतात. रुबिना तिच्या गावाहून होडीने आली, दोन भाऊ घेऊन. तरी माणसं कमीच. खुंट ठोकून झाले, पेंढा-चिखलाची भर अर्ध्याच्या वर आली. मधलं सहा हात तोंड उघडं आहे, तिथे पाण्याला ओढ फार. त्या तोंडात दोन्ही बाजूंनी हाताला हात धरून साखळी करून उभं राहावं लागतं. संगी साखळीत आहे. मी नको म्हटलं नाही. 

सरपंच म्हणतात, भरती लागून पाणी वळायच्या आत तोंड मिटलं तर मिटलं. नाहीतर सकाळपासूनचं सगळं घेऊन जाईल.

मघाशी कंपनीची बस फाट्यावर थांबली. भावजी बांधावरून चालत आले. खांडीपर्यंत आले आणि उभे राहिले. संगीने पाण्यातून वर बघितलं. हाक नाही मारली. मीपण मारणार नाही.

साखळीत डाव्या अंगाला शेवटच्या माणसाचा एक हात मोकळा आहे.

पाणी वळलं म्हणून कोणीतरी ओरडलं आत्ता. भावजी अजून वरच. पायात बूट आहेत.